निदर्शनास आणून द्यावे

मागच्या आठवड्यात रात्री पावणेअकराला आमच्या स्टाफच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली. चार पानं, तिरकी स्कॅन केलेली, मोबाईलवर दोन बोटांनी मोठी करून वाचावी लागते तशी. कॉलेजच्या शिक्षकांसाठी असतो त्या रिफ्रेशर कोर्सची जाहिरात होती, दोन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, अर्जाची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवसाची आणि सोबत प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं शिफारसपत्र जोडायचं. खाली सहा-सात अंगठे आले, कोणीतरी हात जोडले, मग कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या आणि पीडीएफ वर वर सरकत दिसेनाशी झाली.

मी ती शेवटपर्यंत वाचली. जुनी सवय आहे. शेवटच्या पानावर सहीच्या वर नेहमीचं वाक्य होतं, "सदर परिपत्रकातील आशय आपल्या महाविद्यालयातील सर्व संबंधितांच्या निदर्शनास आणून द्यावा." कॉलेजात काम करणाऱ्या माणसाने हे वाक्य इतक्यांदा वाचलेलं असतं की डोळे त्याच्यावर थांबतच नाहीत, ते सही-शिक्क्यासारखंच कागदाचा भाग होऊन गेलंय. पण मला गेली काही वर्षं असं वाटतंय की अख्ख्या परिपत्रकात खरं काम सांगणारं वाक्य तेवढंच आहे. कोणीतरी कोणाच्या तरी निदर्शनास आणून द्यायचंय. कोणी, कोणाच्या, ते त्यात नाही. आणि ते नाही म्हणून किती माणसं राहून जातात हे मी पाहिलंय, एकदा माझ्याच हातून तसं झालं, तेही सांगणार आहे.

मी २००१ पासून पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात फिजिक्स शिकवते. तेव्हा आम्हाला लेक्चरर म्हणायचे, आता असिस्टंट, असोसिएट अशी नावं आहेत. विभागप्रमुख होते ते सर म्हणजे माझेच सर, मी बीएस्सीला त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला मॅडम म्हणायचे आणि लॅबमध्ये गेलं की अगं-तुगं. सरांच्या टेबलावर कायम एक लाल-निळी पेन्सिल असायची, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. टपाल आलं की शिपाईमामा आवक रजिस्टरला नोंद करून कागद फिरवायला आणायचे, आपण वाचून कोपऱ्यात सही करायची आणि पुढे द्यायचा. बाकीचे सही करायचे, सर वाचायचे. लायब्ररीत 'युनिव्हर्सिटी न्यूज' यायचं, भारतीय विद्यापीठ संघाचं साप्ताहिक, त्यातल्या मागच्या पानांवरच्या जाहिराती ते उभ्याउभ्या वाचायचे, आणि ग्रंथपाल बाईंकडून झेरॉक्स करून घ्यायचे. त्या झेरॉक्सवर लाल पेन्सिलीने तारखेखाली रेघ मारायची आणि निळ्याने वर कोपऱ्यात नाव लिहायचं. एक नाव, जास्तीत जास्त दोन.

नाव कुठून यायचं तर त्यांच्याकडे एक लांब वही होती, हिशेबाची असते तशी कापडी पाठीची. त्यात विभागातल्या प्रत्येकाचं एक पान. लॅब असिस्टंटचं सुद्धा होतं. मुलांचीही होती, सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची. काय यायला लागलंय, घरी कोण कमावतं, इंग्रजीचं काय, कुठे राहतो, डबा आहे की मेस. मी ते पान कधी वाचलं नाही, माझं तर नाहीच, पण ते जाहिरात वाचताना पानं उलटताना मी पाहिलंय. ते म्हणायचे, जाहिरात बोर्डावर सगळ्यांसाठी लावायची आणि हातात एकाच्या द्यायची.

२००५ च्या उन्हाळ्याच्या आधी तसा एक कागद माझ्या हातात आला. "अगं हे वाच. आत्ता वाच, माझ्यासमोर." आयुका ह्या संशोधन केंद्राच्या व्हिजिटिंग असोसिएटशिपची जाहिरात होती. माझी पीएचडी आदल्या वर्षी संपलेली, अणूंच्या वर्णपटांवर काम केलं होतं, प्रबंध बांधून कपाटात ठेवला आणि त्यानंतर आठवड्याला लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स, जर्नल तपासणं आणि घरी दीड वर्षाची मुलगी, ह्यात संशोधन हा शब्द मी मनातून काढून टाकत होते. मी वाचलं आणि म्हटलं, सर हे युनिव्हर्सिटीतल्या लोकांसाठी असतं, कॉलेजच्या माणसाला कोण घेणार. त्यांनी पेन्सिल टेकवली. जाहिरातीत विद्यापीठं 'आणि महाविद्यालयं' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी वाचताना माझ्या मनाने ते दोन शब्द गाळले होते.

हे मला आजही विचार करायला लावतं. जाहिरात छापलेली होती, ती माझ्या भाषेत होती म्हणजे मला कळणाऱ्या भाषेत होती, माझ्या डोळ्यासमोर होती, आणि तरी ती मला दिसली नाही कारण ती माझ्यासाठी असेल असं मला वाटतच नव्हतं. अशा माणसाला पीडीएफ पाठवून काय होणार.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आयुका म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतर-विद्यापीठ केंद्र, यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केलं, जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक. विचार असा की देशातल्या प्रत्येक विद्यापीठाला, कॉलेजला मोठी दुर्बीण, मोठी लायब्ररी, मोठे कॉम्प्युटर कुठून परवडणार, तर ते एका ठिकाणी करायचं आणि शिक्षकांनी तिथे येऊन काम करून परत आपल्या वर्गात जायचं. असोसिएट म्हणून निवड झाली की तीन वर्षं तुम्ही तिथे जाऊन-येऊन काम करू शकता, प्रवासाचा, राहण्याचा खर्च ते बघतात. लांबच्या राज्यातल्या लहान गावातला कॉलेजचा शिक्षकसुद्धा दरवर्षी काही आठवडे तिथे येऊन बसतो आणि लिहितो. मला नेहमी वाटतं की नारळीकरांची पुस्तकं सगळ्यांना आठवतात, पण हे जे त्यांनी उभं केलं, शिक्षकाला पाहुणा न मानता तिथलाच मानायचं, ह्याबद्दल आपण फार कमी बोलतो. गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आमच्या वयाच्या किती तरी कॉलेज शिक्षकांना आपल्या घरातलं कोणी गेल्यासारखं झालं असेल.

माझी निवड झाली. आयुकात मी आधीही गेले होते, विज्ञान दिनाला, व्याख्यानं ऐकायला, चार्ल्स कोरियांनी बांधलेली ती काळ्या दगडाची इमारत, मधलं ते कुंड आणि त्याच्या चार कोपऱ्यांवरचे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन, आत हळूहळू फिरणारा फूकोचा लंबक, हे सगळं पाहुणी म्हणून पाहिलेलं. पण २००५ च्या ऑगस्टमध्ये मनपाहून पीएमटीने उतरून आत गेले आणि गेटवर माझं नाव यादीत होतं, एक टेबल, एक लॉगिन, लायब्ररीची चावी म्हणजे कार्ड, आणि कोणी विचारलं नाही की तुम्ही कोणत्या कॉलेजच्या. विचारलं ते हे की कशावर काम करताय.

आता ह्यात सरांनी जे दुसरं केलं ते जास्त मोठं होतं असं मला आज, स्वतः विभागप्रमुख झाल्यावर कळतंय. त्यांनी माझा गुरुवार मोकळा केला. टाइमटेबल करणं म्हणजे काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत, एक लेक्चर हलवलं की चार जणांचं हलतं, आणि टाइमटेबलवरून भांडणं होतात ती वर्षानुवर्षं टिकतात. माझी गुरुवारची दोन प्रॅक्टिकल्स त्यांनी स्वतः घेतली, तीन वर्षं, त्यांच्या निवृत्तीला तेव्हा चारच वर्षं उरली होती. ड्युटी लीव्हचा पहिला अर्ज त्यांनी हाताने लिहून दिला, कसा लिहायचा ते दाखवायला, आणि प्राचार्यांकडे माझ्याबरोबर आले. त्या तीन वर्षांत माझे दोन पेपर झाले, फार मोठे नव्हते, पण तिथून आणलेले खऱ्या ताऱ्यांचे वर्णपट मी वर्गात फळ्यावर काढायला लागले आणि मुलं मान वर करून बघायला लागली.

पुण्यात असं बोलावणं घेऊन येणारी माणसं जुन्या काळापासून आहेत. १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आपल्या एल्फिन्स्टनमधल्या मित्राला, धोंडो केशव कर्व्यांना, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला बोलावलं. कर्वे तेव्हा मुंबईत शिकवत होते. ते आले, १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवलं, आणि हिंगण्याचं, महिला विद्यापीठाचं सगळं त्या पुण्यात येण्यातून पुढे झालं. गोखल्यांना कर्वे ठाऊक होते म्हणून बोलावणं गेलं.

पण इथे मला थांबावंसं वाटतं, कारण ह्याची दुसरी बाजू पुण्याला चांगली माहिती आहे. ज्यांना कोणी ठाऊकच नव्हतं त्यांचं काय झालं? ओळखीने बोलावणी जातात तेव्हा ती ओळखीच्याच घरात, ओळखीच्याच पेठेत, ओळखीच्याच जातीत जातात. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, आमच्या घरी कोणाचं बोलावणं कुठून येणार होतं. म्हणून मी परिपत्रकाला कधी हसत नाही. छापील जाहिरात, तिच्यावर पात्रता, तारीख, जावक क्रमांक, ही फार मोठी गोष्ट आहे, तिच्यामुळे कंडक्टरच्या मुलीला म्हणता येतं की हे माझंही आहे. फक्त तेवढ्याने भागत नाही. कागदाने हक्क दिला तरी तो हक्क तुझा आहे हे सांगायला पुन्हा माणूस लागतं, आणि तो माणूस ओळखीपाळखीच्या पलीकडे जाऊन सांगणारा लागतो. सरांची वही मला त्याच्यासाठी महत्त्वाची वाटते, त्यात पान असायला तुम्ही त्यांच्या ओळखीचे असायची गरज नव्हती, वर्गात बसलात की पान उघडलं जायचं.

आता माझ्या हातून झालं ते.

२०१६ ची गोष्ट. इन्स्पायर नावाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि पुढे मूळ विज्ञानाला प्रवेश घेतलेल्या मुलांना वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाकडे प्रोजेक्ट करण्यासाठीचे. आजूबाजूची सगळी हुशार मुलं इंजिनिअरिंगला जात असताना जो मुलगा बीएस्सीला येतो त्याच्या घरच्यांना सांगायला हे केवढं मोठं असतं. त्याबद्दलची सूचना आमच्याकडे आली, तेव्हा मी विभागाचं असलं काम बघत होते, सर निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, झेरॉक्स आणि पेन्सिल जाऊन व्हॉट्सॲप आलं होतं. मी तिचा फोटो काढला आणि एफवायच्या ग्रुपवर टाकला. टाकला आणि माझं काम झालं असं मला वाटलं, खरंच वाटलं, कारण पूर्वी जे करायला दोन दिवस लागायचे ते दोन सेकंदात झालं होतं.

वर्गात एक मुलगा होता, भोर तालुक्यातला, तिसऱ्या बाकावर बसायचा, मान खाली घालून भराभर लिहायचा. त्याच्याकडे स्मार्टफोन नव्हता. साधा बटणाचा फोन होता, तो घरी आईकडे असायचा. तो ग्रुपवर नव्हताच. जानेवारीत कुठल्याशा फॉर्मसाठी त्याची बारावीची मार्कलिस्ट माझ्यासमोर आली आणि मी ते मार्क बघून विचारलं, अरे तू इन्स्पायरला भरलंस ना? तो म्हणाला, "मॅडम ते काय असतं?" बोर्डाचं पात्रतेचं पत्र त्याच्या घरी आलेलं होतं, कशाचं आहे हे न कळून त्याच्या वडिलांनी ते बाकीच्या कागदांबरोबर नीट पिशवीत घालून ठेवलेलं होतं. तारीख गेलेली होती. मी फोन केले, मेल केले, कशाचा उपयोग झाला नाही. तो सेकंड इयरला बाहेरून काम करत करत शिकला, एमएस्सी नाही केली, आता एका कंपनीत क्वालिटीला आहे, भेटतो, वाकून नमस्कार करतो, आणि मला दरवेळी ते पिशवीतलं पत्र दिसतं.

त्या जानेवारीनंतर मी वही केली.

हल्ली ह्याला नाव आहे, मेंटॉर-मेंटी. इंजिनिअरिंगच्या कॉलेजांत टीचर गार्डियन म्हणतात, आमच्याकडे पालक प्राध्यापक असंही म्हणायचे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या दुसऱ्या निकषात ह्याचं प्रमाण दाखवावं लागतं, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, म्हणून प्रत्येक कॉलेजात याद्या आहेत, फॉर्म आहेत, वर्षातून इतक्या बैठका आणि त्यांच्या सह्या आहेत. ह्यावर बोलताना लोक लगेच म्हणतात सगळं कागदोपत्री. मला तसं वाटत नाही. यादी आहे म्हणून तर माझ्याकडे चोवीस मुलं नावानिशी आहेत, नाहीतर मी फक्त पहिल्या बाकावरच्यांनाच ओळखलं असतं. फॉर्मच्या पुढच्या बाजूला पत्ता, फोन, गुण, अडचणी, उपाय असे रकाने असतात ते भरायचे. मागची बाजू कोरी असते. मी तिथे लिहिते.

आणि आता ते लिहिण्याची गरज पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढलीय. नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आलं आणि संलग्न कॉलेजांत त्याच्या पुढच्या वर्षी. पूर्वी बीएस्सीला आलेल्या मुलाला निवडायचं असं फार काही नसायचं, विषय ठरलेले, तीन वर्षं ठरलेली. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे, मूल्यांचे, भारतीय ज्ञान प्रणालीचे, ऑन जॉब ट्रेनिंग, असं सगळं आहे, एका वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ ला, चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर १६० ते १७६, आणि ती क्रेडिट साठवायला अकॅडमिक बँक, तिचा आयडी, मधेच सोडायचं तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं आणि परत येता येतं. मला ह्यातलं बरंच चांगलं वाटतं. पण अठरा वर्षांची मुलगी, जिच्या घरात पदवी घेणारी तीच पहिली, ती ह्या सगळ्यातून निवडणार कशी? ती मैत्रिणीने घेतलं ते घेते. जिथे निवड आली तिथे सल्ला देणारा माणूस आलाच पाहिजे. आणि तो माणूस म्हणून जो शिक्षक नेमलाय त्याला सल्ला कसा द्यायचा हे कोणी शिकवलेलं नाही, त्याला आठवड्याला १६ तास शिकवायचंय, पोर्टल भरायचीत, परीक्षेचं काम आहे.

माझ्या चोवीस मुलांत एक एसवायची मुलगी आहे, जुन्नर तालुक्यातली, खोडदच्या जवळची. ज्यांना माहीत आहे त्यांना नाव ऐकूनच कळेल, तिथे जीएमआरटी आहे, म्हणजे महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या, दोरांवर ताणलेल्या पातळ तारांच्या जाळीच्या, त्यामुळे एवढ्या प्रचंड असूनही हलक्या आणि वारा त्यांच्यातून निघून जातो. तिच्या वडिलांच्या टोमॅटोच्या शेताच्या बांधावरून त्यातली एक दिसते. ती पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते. मायनर निवडायच्या वेळी माझ्याकडे आली ती फक्त सहीसाठी, फॉर्म भरून आणलेला, खोलीतल्या तिघींनी घेतलेलाच विषय. मी म्हटलं बस जरा. तिला विचारलं पुढे काय करायचंय तर म्हणाली बी.एड. किंवा एमएस्सी, जे होईल ते. मग मी तिच्यासमोर जॅमचा सिलॅबस उघडला, एमएस्सीला आयआयटीत आणि इतर चांगल्या ठिकाणी जायची ती परीक्षा, आणि दाखवलं की फिजिक्सच्या पेपरात पहिलाच भाग मॅथेमॅटिकल मेथड्सचा आहे. ती म्हणाली, मॅडम आयआयटी म्हणजे ते इंजिनिअरिंगचं ना. वीस वर्षांपूर्वी मी जे दोन शब्द गाळले होते तेच ती गाळत होती, मला इतकं ओळखीचं वाटलं की मी काही बोलले नाही, फक्त बोट ठेवलं. तिने दोन दिवस घेतले, घरी फोन केला, आणि मायनर गणित घेतलं. तिने दुसरं काही घेतलं असतं तरी मी सही केली असती, पण मग ते तिने घेतलेलं असतं.

मग ऑक्टोबरमध्ये आपल्या देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून जी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात तिची सूचना आली. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे राहून काम करायचं. मी तिची झेरॉक्स काढली, आता दुकानदार दोन रुपये घेतो, आणि तिला दिली. त्या अर्जात स्वतःबद्दल, काय करायचंय आणि का, असं थोडक्यात लिहायचं असतं. तिने पहिल्यांदा लिहून आणलं ते इंटरनेटवरचं होतं, विश्वाची रहस्यं वगैरे. मी म्हटलं हे कोणीही लिहील, तुला खरंच काय वाटतं ते मराठीत सांग. मग ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, लहानपणी रात्री शेतावर पाणी द्यायला गेलं की ती थाळी वळलेली दिसायची, सकाळी एकीकडे आणि रात्री दुसरीकडे, आणि मला वाटायचं की ती कशाकडे बघत असेल, रात्री तर आम्हाला काहीच दिसत नाही, आणि दिवसा पण बघते म्हणजे तिला दिवसा पण दिसतं. मी म्हटलं हेच लिही. इंग्रजी आपण दोघी मिळून करू. शिफारसपत्र मी दोन रात्री बसून लिहिलं, कारण ह्या पत्रात मुलगी हुशार आणि मेहनती आहे असं लिहिलं की ते कोणी वाचत नाही, शेतावरच्या थाळीचं लिहिलं की वाचतील असं मला वाटलं. अर्ज गेलाय. निकाल यायचाय.

अर्ज भरताना तिनेच मला दाखवलं की ह्यात शिक्षकांसाठीही वेगळी सोय आहे. मला माहीत होतं, पण माझ्यासाठी म्हणून कोणी ते वाचून दाखवलं ह्याचं फार बरं वाटलं, सर गेल्यापासून ते कोणी केलं नव्हतं.

शिक्षकांचं हे फारसं कोणी बोलत नाही म्हणून बोलते. मुलांना मेंटॉर असतो, शिक्षकाला कोण? १९८६ च्या धोरणानंतर यूजीसीने अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली, शिक्षकालाही शिकायला जागा पाहिजे म्हणून, मग त्यांचं नाव एचआरडीसी झालं, २०२३ पासून मालवीय मिशनची केंद्रं. माझा ओरिएंटेशन, म्हणजे नव्या शिक्षकांसाठीचा कोर्स, चार आठवड्यांचा होता, इतिहासाच्या, वनस्पतिशास्त्राच्या, मराठीच्या लोकांबरोबर बसून चहा प्यायलो, त्यातले दोघं अजून मित्र आहेत. आता बरंचसं ऑनलाइन आहे, सोयीचं आहे, लहान मूल असलेल्या बाईला तर फारच. पण पदोन्नतीचं गणित ह्या कोर्सवर बसलेलं असतं. पहिल्या टप्प्याला पीएचडी असेल तर चार वर्षं, एमफिल असेल तर पाच, नुसतं पदव्युत्तर असेल तर सहा, आणि त्यासोबत ओरिएंटेशन, रिफ्रेशर वगैरे. कोर्स राहिला की पदोन्नतीची तारीखच पुढे सरकते, ते गेलेले महिने परत मिळत नाहीत.

म्हणून त्या रात्री पावणेअकराला पीडीएफ वाचताना माझ्या डोळ्यासमोर केमिस्ट्रीतली एक मॅडम आली. तिचा ओरिएंटेशन झालाय, हा एक रिफ्रेशर राहिलाय, मार्चमध्ये तिची चार वर्षं भरतायत. तिचे सासरे दवाखान्यात आहेत, रात्री ती ग्रुप बघत नाही. मी फोन केला, तिने पहिल्या रिंगला उचलला कारण तिला वाटलं दवाखान्यातून आहे, मी आधी सॉरी म्हटलं. मग मी इकडे शिफारसपत्राचा मसुदा टाइप केला, सकाळी ऑफिस उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले, प्राचार्य सरांची सही घेतली, तिने दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसून मोबाईलवरून फॉर्म भरला, साडेबाराला तिचा मेसेज आला, झालं मॅडम.

हे सगळं चालू असताना आमच्या विभागातले सीएचबीचे सर तिथेच प्रिंटरजवळ उभे होते. नऊ वर्षं झाली त्यांना तासिका तत्त्वावर, सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, पास आहेत, सकाळी आमच्याकडे आणि दुपारी हडपसरकडच्या एका कॉलेजात, दरवर्षी नव्याने मुलाखत आणि नव्याने नेमणूक, उन्हाळ्यात पगार नाही. ऑप्टिक्सची प्रॅक्टिकल्स त्यांच्याइतकी चांगली आमच्यात कोणी लावत नाही, मीही नाही. त्यांनी कागद हातात घेतला, मला म्हणाले, "मॅडम, ह्यात आमच्यासाठी काही असतं का हो?"

मी पात्रतेचा रकाना पुन्हा वाचला. नियमित शिक्षक, असं लिहिलं होतं, आणि माझ्या नजरेतून ह्यावेळी काही गळलेलं नव्हतं. त्यांना ते दाखवलं. ते बरं म्हणाले आणि लेक्चरला गेले. मी त्यांच्या नावाचं पान उघडलं, ते माझ्या वहीत सात वर्षांपासून आहे आणि त्यात लिहिलेल्या सूचनांपैकी अर्ध्याहून जास्त सूचनांसमोर मी 'नियमित' एवढाच शब्द लिहून ठेवलाय. मग खुर्ची ओढली आणि कोर्सच्या समन्वयकांना मेल लिहिला, की नऊ वर्षं शिकवणारे, सेट झालेले एक शिक्षक आहेत, जागा शिल्लक राहिल्या तर त्यांना बसता येईल का, प्रमाणपत्र नसलं तरी चालेल, त्यांना शिकायचंय.

उत्तर अजून आलेलं नाही. कोर्स सोमवारी सुरू होतोय, उद्या सकाळी फोन करणार आहे.